तटस्थ गुरुजींचा हात

मुक्काम तालुका उदगीर, जिल्हा लातूर
(आधी उस्मानाबाद लिहून खोडलंय. जिल्हा बदलला, हाताची सवय बदलत नाही.)

तीर्थरूप ज्ञानोबामामांना भाचा शेषेरावचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा मुखेडच्या बाजारापर्यंत साथ देतो का, ते कळवावं. मामींचा खोकला आणि तुमची कुरकुर, दोन्हींना उतार पडला असेल अशी आशा आहे. इकडे आम्ही खुशाल, म्हणजे आठवड्यातून एक आंघोळ होते.

मामा, मी गावच्या पाणी समितीचा अध्यक्ष झालो. त्याचं असं झालं, यंदा विहिरी आटल्या आणि रोज एक टँकर मंजूर झाला. तो कुठल्या विहिरीत ओतायचा यावर समितीत तीन विरुद्ध तीन. अण्णाराव पाटील (तुमचे व्याही, म्हणून जपून लिहितो) म्हणाले, चावडीपुढच्या विहिरीत. बौद्धवस्तीच्या कोंडाबाई म्हणाल्या, एक दिवस तिथं, एक दिवस वस्तीच्या विहिरीत. चावडीवर आमच्या घागरी चालत न्हाईत, मग आम्ही काय टँकरचा आवाज प्यायचा? तेव्हा कुणीतरी सुचवलं, अध्यक्ष तटस्थ माणूस करा. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. (सतरा वर्षांच्या मास्तरकीत मी कशावरही मत दिलेलं नाही, अशी ख्याती आहे.)

पहिल्या बैठकीत मी तटस्थता म्हणजे काय यावर पाऊण तास बोललो. मत विचारल्यावर म्हणालो, मी तटस्थ. निर्णय झाला नाही, म्हणून टँकर पहिल्या दिवसासारखाच चावडीपुढं रिकामा होत राहिला. वस्तीच्या बाया कोसभर लांब नदीत झरे उकरायला जाऊ लागल्या. माझ्या घरी मात्र पाटलांचा गडी रोज दोन घागरी ओतू लागला. तो मी अध्यक्षपदाचा मान समजलो.

वस्तीच्या अकरा मुली शाळेत येईनात, म्हणून मी कोंडाबाईंना बोलावलं. "पोरी झऱ्यावर हायत," त्या म्हणाल्या. मी समजावलं की मी कुणाच्याच बाजूचा नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "गुरुजी, तुमच्या रांजणातलं पाणी कुण्या बाजूचं हाय?"

मामा, त्या दिवसापासून ते पाणी घशाखाली उतरेना. कुणाचंच नसलेलं पाणी आणावं म्हणून मी स्वतः झऱ्यावर गेलो. येताना पाय घसरला, घागर फुटली आणि कंबर धरली. (अजून सरळ उभं राहता येत नाही. तसा मी आधीही फारसा सरळ उभा राहत नव्हतो.)

परवा शाळेच्या पटांगणात दुसरी बैठक झाली. टँकरला दोन विहिरींची पाळी लावायची का, यावर मत घेतलं. तीन हात वर, तीन खाली. मग माझा हात वर गेला. "चार," कोंडाबाईंनी मोठ्यानं मोजलं. पाटील म्हणाले, "मास्तर, तुम्ही बाजू घेतली." मी म्हणालो, "आधीही घेतलीच होती, पाटील. तेव्हा हात खिशात होता, एवढंच."

काल टँकर वस्तीच्या विहिरीत ओतला. घरच्या दोन घागरी बंद झाल्या होत्या, म्हणून मीही घागर घेऊन गेलो आणि अध्यक्ष या नात्यानं पुढं सरकलो. कोंडाबाईंनी नुसतं मागं बोट दाखवलं. माझा नंबर सत्तावन्नावा होता. पाणी मिळालं. अकरापैकी नऊ मुली आज वर्गात आहेत.

मामींना नमस्कार सांगावा.
तुमचा, शेषेराव

ता. क. पाटलांनी माझ्या बदलीचा अर्ज दिलाय. येत्या बाजारी ते तुमच्याकडे उतरतील. तुमचा शब्द ते मोडत नाहीत. व्याह्याला कसं दुखवावं म्हणून गप्प बसू नये, एवढ्याचसाठी हे सगळं लिहिलं.

ता. क. दुसरा, सिंधूकडून. मामा, मी तिथं बायकांत उभी होते. ह्यांनी हात नेला होता तो डोकं खाजवायला. कोंडाबाईंनी तेवढ्यात मोजला. पाटील डोळे वटारून बघत होते, हात खाली घ्यायला भरपूर वेळ होता. ह्यांनी घेतला नाही.