आप्पासाहेबांच्या पॅकार्डचा रंग

३ फेब्रुवारी २०२५

आली! ट्रकवरून उतरवताना निम्मं पडेगाव आमच्या गॅरेजच्या शेडसमोर गोळा झालं. खुलताबादच्या आप्पासाहेबांची पॅकार्ड, १९३८ची. त्यांच्या आजोबांनी निजामाच्या काळात घेतलेली. नाक एवढं लांब की ड्रायव्हर चौकात पोचायच्या आधी गाडी चौक ओलांडून जात असेल! आता अंगावर गेटाचा हिरवा ऑइलपेंट, तोही पोपडे सुटलेला. मागच्या सीटवर कोंबडीचं अंडं. ताजं! राजकुमारनं लगेच आमलेट करून खाल्लं. भाऊ आहे म्हणून सांगत नाही, पण इंजिनात त्याचा हात कुणी धरणार नाही. लाजेत मात्र शून्य.

आप्पासाहेबांच्या नातीचं, श्रेयाचं, लग्न ३० एप्रिलला. नवरीची पाठवणी ह्याच गाडीतून. अट एकच — "रत्नमाला, रंग मूळचाच पाहिजे. नाहीतर मी भाड्याची कार आणतो."

आईला सांगितलं नाही. तिचा बाप, म्हणजे आमचे आजोबा, हीच गाडी धुवायचे. लहानपणी तिला हिच्या सावलीलासुद्धा उभं राहू द्यायचे नाहीत. तयार झाली की एकदम समोर उभी करणार.

७ फेब्रुवारी

आईला घेऊन डॉक्टरकडे. राजकुमारच्या मनात भरलंय की आई विसरायला लागली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आज वार कोणता? महिना कोणता? शंभरातून सात वजा करा. आई म्हणाली, "मला काय इचारती, तुझ्या दवाखान्यात क्यालेंडर नाय का?"

मला हसू फुटलं. बाईंना नाही. "लक्ष ठेवा," म्हणाल्या.

घरी आल्यावर आई भिंतीकडं तोंड करून बसली. "मी काय शाळेत हाय का?" फार वाईट वाटलं. ठरवलं — आजपासून आईला एकही प्रश्न विचारायचा नाही. ती बोलेल ते ऐकायचं. बस.

९ फेब्रुवारी

जेवताना आपणहून बोलली. "माझ्या बापाचे हात कोपरापातूर निळे असायचे. मालकाची गाडी धुवून यायचा. भाकरीला बी निळं लागायचं."

राजकुमारनं मला खूण केली. बाहेर येऊन म्हणतो, "गाडी धुवून कुणाचे हात निळे होतात का? झालं सुरू." मी म्हणाले, रंग जात असेल जुन्या गाडीचा! तो म्हणाला, "आप्पासाहेब तर पांढरी म्हणतात." लई राग आला.

१४ फेब्रुवारी

दिवसभर घासकाम. हिरवा निघाला. खाली पांढरा थर — प्रायमर असणार, रंगाआधीचा हात. नाकावरची चकचकीत पट्टी उचकटली आणि तिच्याखाली फटीत — निळं! दाराच्या बिजागरीत निळं! डिकीच्या खाचेत निळं! मी एवढ्या जोरात ओरडले की राजकुमारचं डोकं बॉनेटला आपटलं.

"आई बरोबर होती," मी म्हणाले. तो डोकं चोळत बघत राहिला. बघ म्हणावं!

१६ फेब्रुवारी

आप्पासाहेब आले. त्यांनी स्वतः पाहिली ती हिरवीच. पांढरी हे आत्याकडून ऐकलेलं. फोटो आहे तो काळापांढरा. मी फटी दाखवल्या. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाले, "तुम्हा लोकांना सगळं निळंच दिसतं."

मी सोडते होय! म्हणाले, "निळा आमचा आहेच, आप्पासाहेब. पण गाडी तुमची आहे, तेव्हा डोळे तुमचेच लावा."

राजकुमार पाना शोधायच्या निमित्तानं गाडीखाली गेला. मला वाटलं काम गेलं. पण आप्पासाहेब गुडघ्यावर बसले, बोटानं खरवडलं, बोट उन्हात धरलं. मग हसले. "चुकलो. माझी आत्या थापाडीच होती. कर निळी."

चहा घेताना गाडीच्या गोष्टी सांगत बसले. पोलीस ॲक्शनच्या वर्षी आजोबांनी ती कडब्याखाली पुरून ठेवली होती. पुढं पंचक्रोशीतल्या नवरदेवांना मिरवलं तिनं. मग पेट्रोल परवडेना, तेव्हा कोंबड्यांना दिली. माणूस वाईट नाही. तोंड वाईट आहे. माझंही आहेच.

९ मार्च

पुट्टी, पॉलिशपेपर, पुट्टी, पॉलिशपेपर. खांदे गेले.

२१ मार्च

इंजिन सुरू झालं! आधी खोकलं, मग काळा धूर, मग — काय आवाज! जड, संथ. राजकुमार रडला. धूर गेला डोळ्यात, म्हणे.

११ एप्रिल

शेवटचा हात मारला. तोंड दिसतंय दारात! फटीतल्या निळ्याशी जुळवायला सात डबे फुकट घालवले. आप्पासाहेब बघून गेले. दारावरून हात फिरवत राहिले. आत्याचा फोटो खिशात होता, तिलाही दाखवली म्हणे!

१४ एप्रिल

जयंती. शेडवर कुलूप. आई नवी पांढरी साडी नेसून मिरवणुकीला उभी. घरी येताना चारदा रस्ता सांगितला तिनं रिक्षावाल्याला, चारही वेळा बरोबर. राजकुमारला मुद्दाम ऐकवलं.

२६ एप्रिल

आईला रिक्षानं शेडवर आणलं. डोळे मिटायला लावले. उघडल्यावर आई थेट गाडीकडं गेली. गाडीला पूर्ण फेरी मारली, नाकावर तळहात ठेवला — पहिल्यांदा! मग म्हणाली, "गाडी तीच. पण हिला निळी कुणी केली गं? पांढरी होती, बगळ्यावानी. मालक धोतरासारखी नीळ घालून धुवायला लावायचे तिला, पांढरी उठून दिसावी म्हणून. त्यानंच तर माझ्या बापाचे हात तसे व्हायचे."

मी राजकुमारकडं. राजकुमार माझ्याकडं. म्हणजे तो पांढरा थर प्रायमर नव्हता, आणि फटीत साचलेली ती नुसती नीळ होती!

"मला इचारलं का नाय?" आई म्हणाली.

आईचं डोकं ठणठणीत आहे! मी तिला उचलूनच घेतलं. पण लग्न चार दिवसांवर, आणि आप्पासाहेबांना सांगायचं कुणी?

आईनं हात पुढं केला. "आण तो फोन. त्या गाडीबद्दल त्याला मी सांगते."