मंगळावरची दरड आणि पलसाण्याचा कोळसा

आबा, सध्या मी तारांगणाच्या एका शोचं मराठी निवेदन लिहितेय. मंगळावर एक ज्वालामुखी आहे, त्याची कड कधीतरी निसटून खाली गेली. मागे उरलेला कडा काही ठिकाणी एवढा उंच, की आपला साल्हेरचा डोंगर चारदा एकावर एक ठेवला तरी वर पोचणार नाही. आणि सांडलेला मलबा सुरतेहून धुळ्यापर्यंत, त्याच्याही पुढे. कुणी बघितलं नाही. का पडलं तेही पक्कं माहीत नाही, पायथा कच्चा असावा म्हणतात. फोटो वरून काढलाय. मी तो मोठा करत गेले, करत गेले, आणि मग कळलं की मी त्यात माणूस शोधतेय.

सुरतेजवळ पलसाण्याच्या डाईंग मिलमध्ये तुम्ही बॉयलरला कोळसा भरायचात. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी दम द्यायचात, की वरून ओढ, ढीग खालून पोखरू नको. खालून पाटी पटकन भरते, ओला कोळसा भिंतीसारखा उभाही राहतो, म्हणून सगळे तेच करायचे. मलाही सांगितलं होतंत, "खडा आपसूक गडगडना का पळानं. मांगे देखानं नही." म्हणजे खडा आपोआप घरंगळला की पळायचं, मागे बघायचं नाही. त्या दिवशी चारला शाळेत माझं गॅदरिंग. मी तुम्हाला न्यायला आले, रडकुंडीला येऊन म्हणाले, चला ना आबा, माझाच नाच पहिला आहे. तुम्ही हसलात, दहा पाट्याच राहिल्यात म्हणालात, आणि वर चढायचं सोडून पायथ्याशी फावडं घातलंत. आठवी पाटी. एक खडा खाली येतो. मग दुसरा. तुम्ही पाटीत बघताय, मी खड्याकडे. सांगितलं तर तुम्ही वर चढाल, उशीर होईल. मी गप्प. बॉयलरच्या घरघरीत काहीच ऐकू आलं नाही. ढीग फक्त थोडा पुढे सरकून बसला, तुम्ही उभे होतात तिथे, जसा काही कायम तिथंच होता.

मिलवाल्यांनी तुमचीच चूक धरली. आई अजून विचारते, तुझा बाप एवढा जाणता माणूस, खालून का भरत होता, कसली घाई होती. मी तेव्हा सांगितलं होतं की मी गेटबाहेरच होते. आज तिला वाचून दाखवायचं म्हणून हे लिहायला घेतलं. ती आत्ता शेजारी येऊन बसलीय, चष्मा नाहीये तिच्याकडे. काय लिहितेस गं, म्हणाली. मी म्हटलं, "मंगळाचं."