डबल बेल

आई,

मी हल्ली तलवार चालवते. हसू नकोस, टीव्हीवर चालवते. पहिली पाळी संपवून दुपारी मांडवीच्या खोलीवर येते, सारभात खाते, पंखा मोठा करते आणि लेकीचा गेमचा डबा टीव्हीला जोडून बसते. ही लेक तू गेलीस तेव्हा माझ्या पोटात होती. आता दापोलीला शेतकी कॉलेजात आहे. जाताना म्हणाली, एकटी बसून भिंतींशी भांडशील, त्यापेक्षा हा खेळ खेळ. जपानातल्या एका सामुराई घराण्याची गोष्ट आहे. सामुराई म्हणजे तलवारीवर जगणारी आणि मानासाठी मरणारी माणसं. बाप मेलेला, मागे आई, मुलगी आणि धाकटा भाऊ. कुळातल्या थोरल्या पातीचा, म्हणजे थोरल्या घराचा, म्हातारा त्यांना कुळाबाहेर काढतो. त्यांच्याशी कोणी बोलायचं नाही, त्यांच्या दारात कोणी जायचं नाही. मुलगी मोठी होते आणि त्याच्या एकेका माणसाला हुडकून काढते. पहिल्या दिवशी एवढं बघितलं आणि मी हातातलं ते यंत्र खाली ठेवलं. म्हटलं, हे तर आपल्या वाडीतलंच आहे, नुसते कपडे तेवढे वेगळे.

तुला सांगायला नको, पण मला लिहायचंच आहे. बाबा गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी थोरल्या काकांनी बांधावरच्या गडग्याचे चिरे बाबांच्या शेतात दोन हात आत सरकवले. मोजणीवाला आला तेव्हा भावकीत ठरलं होतं, कोणी तोंड उघडायचं नाही. तू उघडलंस. पदर खोचून त्याला बांधावर घेऊन गेलीस, करवंदीच्या जाळीत पाय घातलास आणि जुना दगड दाखवलास. पुढच्या रविवारी बैठक झाली आणि आपलं घर वाळीत पडलं. दुकानातून मीठ मिळेना, भाताच्या लावणीला कोणी येईना, शाळेत माझ्या बाकावर कोणी बसेना. मी बारा वर्षांची होते. आणि तू काय म्हणायचीस? देवी काय त्यांच्या एकट्याची हाय? शिमग्याला ती येतेच घरोघर, तवा बघू.

शिमगा आला. तू अंगण सारवलंस, रांगोळी काढलीस, खण, तांदूळ, हळदकुंकू, नारळ, सगळं ताटात मांडून उभी राहिलीस. खालच्या घरी पालखी नाचते आहे, ढोल आपल्या पडवीत घुमतो आहे. मग ती वर येते. पुढे थोरले काका, पांढरा फेटा, हातात काठी, मानकरी ना ते. आपल्या बेड्यासमोर, अंगणाच्या फाटकाशी, ते थांबतही नाहीत. काठीने नुसतं पुढे दाखवतात. ढोलवाल्यांचा ठेका चुकत नाही की भोयांचं पाऊल अडत नाही. पालखी वरच्या घरी जाते आणि तू ताट धरून तिथेच. रडली असतीस तर बरं झालं असतं. संध्याकाळी तू ओटीचा तोच नारळ फोडलास, वाटलास आणि त्याची आमटी केलीस. मला म्हणालीस, जेव गो, देवीनं नाय घेतला तर आपन खाऊ. त्या दिवसापासून माझ्या अंगात जो निखारा आहे तो काही विझला नाही, आणि खरं सांगू, मी तो विझू दिलाही नाही.

तर हा खेळ. सुरुवातीला मी फार मार खाल्ला. समोरच्याचा वार अंगावर येईपर्यंत थांबायचं आणि नेमक्या क्षणी बटण दाबायचं असतं, आणि माझी बोटं एसटीत तिकिटाच्या मशीनवर वीस वर्षं चाललेली, ती घाई करायची. पण शिकले. प्रत्येक शत्रूला भावकीतला एकेक चेहरा देऊन टाकला. मीठ नाकारणारा दुकानदार पुलावर मेला. बैठकीत तुला बाईमाणूस गप बस म्हणणारा तळ्यात पडला. मेल्यानो, म्हणायची आणि मारायची. शेवटचा तो थोरल्या पातीचा म्हातारा. अंगणात बसलाय, तलवार बाजूला ठेवलेली, चहा ओततोय. मी डोळ्याचं पातं लवायच्या आत वार केला. लेकीला फोनवर सांगितलं तर ती हळहळली. म्हणाली, आई, जरा थांबली असतीस तर त्याने असं का केलं ते तो सांगतो, सगळे थांबतात. मी म्हटलं, मला त्याचं 'का' ऐकायचंच नव्हतं.

आता मुद्द्याचं. यंदा माझी ड्यूटी आपल्या गावच्या गाडीवर लागली. दोन महिने काका कुठे दिसले नाहीत. मग एका मंगळवारी फाट्यावर उभे. ऐंशीच्या पुढे गेलेत, पाठीत वाकलेत, हातात पिशवी आणि पिशवीत इस्पितळाची फाइल. त्यांनी हात वर केला. ड्रायव्हरने गाडी हळू केली. आई, माझा हात घंटीच्या दोरीवर होता. मी डबल बेल दिली, म्हणजे थांबू नको, चल. ड्रायव्हर म्हणाला, बाई, म्हातारा माणूस हाय. मी म्हटलं, भरली गाडी, चला. सहा सीट रिकाम्या होत्या. गाडी त्यांच्या समोरून गेली आणि मी मागच्या काचेतून बघत राहिले. पुढची गाडी तीन तासांनी. उन्हात उभा राहा म्हटलं, ताट नाही तर फाइल धर. त्या दिवशी मला इतकं बरं वाटलं की मी खोलीवर येऊन आंबोळ्या केल्या आणि एकटीने सहा खाल्ल्या.

नंतर मी तक्रारीची वाट बघत राहिले. तक्रार झाली तर डेपोत बोलावतील, जाब विचारतील, नोकरीवर येईल. येऊ दे. मला तेच हवं होतं. चार माणसांसमोर मी सांगणार होते, कोणाच्या दारावरून कोणी पालखी नेली. वाक्यं पाठ केली होती. पण त्यांनी तक्रार केलीच नाही. अंगाचा तिळपापड झाला माझा. म्हाताऱ्याने तेवढंही मला दिलं नाही.

पुढच्या मंगळवारी ते पुन्हा तिथेच. ह्या वेळी हात केला नाही. मला बघितलं आणि नुसते उभे राहिले, काय करायचं ते कर म्हणाल्यासारखे. मी एक बेल दिली. गाडी थांबली. का थांबवली विचारू नकोस, दया बिया काही नव्हती. ते दांडा धरून चढले, पुढच्या सीटवर बसले. त्यांच्या वयाला फुकट प्रवास असतो, मी शून्याचं तिकीट काढून समोर धरलं. ते घेताना त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले,

"पालखी मी फिरवली. गाडी तू नेलीस. फिटलं काय गो आता?"

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि तिकीट घडी करून खिशात ठेवलं. इस्पितळाच्या स्टॉपपर्यंत मी मागच्या सीटांची तिकिटं काढत राहिले. उतरताना त्यांना पायरी दिसेना, मी हात दिला नाही, दुसऱ्या कोणी दिला. आता ते दर मंगळवारी येतात. मी थांबवते, शून्याचं तिकीट देते आणि त्यांच्याकडे बघत नाही. माफ केलेलं नाही, करणारही नाही, हे तुला स्पष्ट सांगते, कारण तू वरून काहीतरी मऊ बोलशील.

पण फिटलं का नाही, हे त्या दिवसापासून डोक्यात बसलंय. त्या म्हाताऱ्या शत्रूला मारायला मला आता मजा येत नाही. मी पुन्हा पुन्हा खेळाचा पहिलाच भाग लावते. त्यात ती मुलगी अजून लहान आहे, तलवार नाही, काही नाही. घरासमोरून कुळाचे घोडेस्वार निघून चाललेत, आणि ती रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहते. तिला तिथे उभी ठेवायला एकच बटण दाबून धरायचं. घोडे थांबतात. लेक म्हणते, त्यात काय खेळायचं, तो भाग कोणीही जिंकतं.

पालखी बेड्यापाशी आली तेव्हा तू मला हाक मारलीस. म्हणालीस, बाहेर हो गो, पालखीपुढं उभी ऱ्हा, पोरीला वलांडून कोन जानार नाय. नंतर मी तुला सांगितलं, विहिरीवर होते, ऐकू आलं नाही. तू खरं मानलंस. आई, मी मागच्या पडवीत होते, दाराच्या फटीतून सगळं बघत होते. माझ्या वर्गातल्या पोरी पालखीबरोबर होत्या, त्यांच्यासमोर मला लाज वाटली. तू तीनदा हाक मारलीस. तिन्ही वेळा मला ऐकू आलं.