चाचणी यंत्रावरचा मॉनिटर आणि माझ्या इतर वस्तू यांबाबत

मी, खाली सही करणारा, धनेश ज्योतीराम काळदाते, वय अठ्ठावीस वर्षे, व्यवसाय नोकरी, मूळ राहणार तालुका कळंब, जिल्हा धाराशिव, सध्या राहणार घरकुल वसाहत, चिखली, आज गुरुवारी कंपनीची साप्ताहिक सुट्टी असताना, पूर्ण शुद्धीवर, जेवण झाल्यावर आणि कोणाच्याही सांगण्यावरून किंवा धाकाने नव्हे, माझ्या मागे काय व्हावे ते या कागदावर लिहून ठेवत आहे. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही.

१. अठ्ठाविसाव्या वर्षी हे कशाला, असे आई विचारेल, म्हणून कारण आधी लिहितो. आमच्या चाकणच्या कंपनीत स्प्रिंगांचा दाब तपासणारे एक जुने यंत्र आहे. त्यावर काचेच्या जाड नळीचा हिरव्या अक्षरांचा मॉनिटर आहे. ९ ऑक्टोबरला तो दुरुस्त करताना मला जबर शॉक बसला. वीज बंद होती, पण बंद केल्यावरही त्या नळीत विजेचा दाब राहतो, आणि मी लावलेला अर्थिंगचा चिमटा निसटला. मी मागच्या रॅकवर फेकला गेलो. डावा हात दोन दिवस बधिर होता. छाती ठीक असल्याचा डॉक्टरांचा कागद सोबत जोडला आहे. येत्या गुरुवारी, १३ तारखेला, तोच मॉनिटर पुन्हा उघडायचा आहे, कारण आतला ट्रान्सफॉर्मर बदलावा लागणार आहे. या कामाचे शिक्षण माझ्याकडे नाही. वडील गेले तेव्हा मी आयटीआयचे दुसरे वर्ष सोडले. जे येते ते व्हिडिओ पाहून येते.

२. बँकेत जे असेल ते आणि भविष्य निर्वाह निधी माझी आई कस्तुरा हिला मिळावा. तिने त्यातून कोणाला उसने देऊ नये. तिला नाही म्हणता येत नाही, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे.

३. सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर, पेचकसांचा संच आणि भिंग माझी बहीण दिव्या हिला द्यावे. ती मिक्सर स्वतः उघडते. तिचे यजमान दिग्विजयराव यांनी या हत्यारांना हात लावू नये. गेल्या दिवाळीत त्यांनी माझे आयर्न प्लास्टिकची फुटकी बादली सांधायला वापरले. त्याचे टोक अजून साफ झालेले नाही आणि बादलीही गळते. माझ्या संगणकाला ते चारचौघांत "डबडं" म्हणतात. मी राग धरलेला नाही, फक्त नोंद करत आहे.

४. हा संगणक १९८७ सालचा आहे. सगळे यंत्र कीबोर्डच्याच खोक्यात आहे आणि कार्यक्रम कॅसेटवरून भरावे लागतात. तो मला निगडी प्राधिकरणातल्या कुसुमताईंनी दिला. २०२१ च्या सुरुवातीला मी त्यांचा मिक्सर दुरुस्त करायला गेलो होतो, तेव्हा तो माळ्यावर दिसला. त्या म्हणाल्या, "ह्याला स्वतःचा पडदा होता रे. घराला रंग काढला तेव्हा भंगारात गेला. धड राहिलं, डोकं गेलं." मी नेऊ का विचारले. "ने. पण त्या कॅसेटमध्ये ह्यांनी मुलांसाठी केलेले पाढे आहेत. पूर्वीसारखे दिसले तर मला बोलव."

मी तो टीव्हीला जोडला आणि टीव्हीसकट रिक्षाने त्यांच्याकडे घेऊन गेलो. टीव्हीवर अक्षरे दुहेरी दिसतात आणि कडा थरथरतात. त्यांनी बराच वेळ पाहिले. मग म्हणाल्या, "हे नाही. हिरवी होती अक्षरं, आणि गप्प उभी राहायची." त्यांनी चहा दिला. तेव्हापासून मी त्यांना जोडीचा मॉनिटर मिळवून दाखवायचे कबूल केले आहे. त्या आता ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. संगणक आणि कॅसेटा त्यांनाच परत द्याव्यात.

५. जोडीचा म्हणजे त्याच कंपनीचा, त्याच सालचा, सायीच्या रंगाचा, उजव्या कडेला तीन तिरक्या रेघा असलेला. तो संगणकाच्या मागच्या खाचेत नेमका बसतो, दुसरा कोणताही घसरतो. मी कुदळवाडीतली भंगाराची गोदामे पालथी घातली. पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो. ताथवड्याच्या एका कॉलेजची जुनी लॅब निकाली निघाली तेव्हा सुरक्षारक्षकाच्या टेबलाशी अर्धा दिवस बसलो. आठ महिने गेले.

त्या वर्षी खंडेनवमीला पूजेसाठी आम्ही यंत्रे पुसत होतो. चाचणी यंत्र माझ्याकडे आले. मी रॉकेलच्या फडक्याने पडद्याची काळी कड पुसली आणि खालून सायीचा रंग निघाला. मग तीन तिरक्या रेघा निघाल्या. ते यंत्र भोसरीच्या जुन्या शेडमधून आलेले होते आणि मी दोन वर्षे त्याच्यासमोर उभा राहून काम करत होतो. मी त्याला हळद-कुंकू वाहिले. हार इतर यंत्रांसारखाच एक घातला, जास्त घातला असता तर कोणाच्या लक्षात आले असते.

६. हे कलम मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. तीन महिन्यांनी मेंटेनन्सचे दादासाहेब म्हणाले, की तो जुना पडदा काढून सपाट पडदा बसवू. आमच्याकडे निकाली काढलेले पडदे बाहेर द्यायच्या आधी घणाने फोडतात, कारण पूर्वी कोणीतरी कंपनीची चिठ्ठी लावलेले पडदे बाजारात विकले होते. मी म्हणालो, "साहेब, हा मला द्या ना." ते म्हणाले, "काळदाते, तुला पडदा दिला की उद्या दुसरा पंखा मागेल. नियम म्हणजे नियम."

त्यावर मी सांगितले, की या यंत्राला नवा पडदा चालत नाही, आकडे चुकीचे दिसतात. हे खोटे होते. आदल्याच गुरुवारी मी नवा पडदा जोडून पाहिला होता. आकडे बरोबर दिसत होते.

दादासाहेबांनी विश्वास ठेवला. भिंतीवरच्या तक्त्यात लिहिले गेले: चाचणी यंत्र, पडदा दुरुस्ती, फक्त काळदाते. तेव्हापासून पडदा बिघडला की माझा गुरुवार जातो. तळेगावच्या कंपनीत कायमची नोकरी मिळत होती. मी गेलो नाही आणि आईला सांगितले की त्यांनी घेतले नाही. मी गेलो तर महिन्याभरात पडदा बंद पडेल आणि फुटेल. मी राहिलो आणि तो चालू ठेवला तर तो यंत्राचाच राहील. खरे सांगितले तर नवा पडदा त्याच दिवशी बसेल आणि हा त्याच दिवशी घणाखाली जाईल. चार वर्षे मी असा विचार करतो आहे आणि चौथी वाट सापडलेली नाही. तो रोज माझ्यापासून एका हातावर असतो.

७. सबब, सोबतच्या बंद पाकिटातले पत्र, ज्यात कलम ६ मधील खोटेपणाची कबुली आहे, ते माझ्या मृत्यूनंतर दादासाहेबांना द्यावे.

इथपर्यंत लिहून झाल्यावर साक्षीसाठी बोलावलेले बन्सीभाऊ आले. ते खराबवाडीचे, आमच्याच लाइनवरचे सर्वांत जुने कामगार आहेत. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, हे मी त्यांना सांगितले. त्यांनी चष्मा लावला आणि सगळे वाचले. काय बोलणे झाले ते लिहून ठेवणे मला योग्य वाटते.

ते म्हणाले, "पडदा गेला की स्प्रिंगा हातकाट्यावर कोण मोजतं रं?"

मी म्हणालो, "तुम्ही."

"चार वरीस. खांदा गेला माझा. मला वाटलं मशीनच म्हातारी हाय, माझ्यासारखी. तिच्यावर कदी राग न्हाई धरला मी."

त्यांनी पाणी मागितले, ते दिले.

"आन् ही चिठ्ठी मेल्यावर द्यायची. मेल्यावर साहेब शिव्या कुणाला घालणार? मलाच. तू तर सुटलास."

मी सांगितले, की पडदा फोडतील.

"फोडत्यात. समोर उभं ऱ्हाऊन बघायचं. त्या म्हातारीला जाऊन सांगायचं, मावशे, घावला व्हता, मला ठिवता न्हाई आला. ती काय तुला खाती का?"

मग त्यांनी पेन घेतले. "सही करतो. लिव्हलंस ते पटलं म्हणून न्हाई. माझ्या म्होरं शाना असून लिव्हलंस, एवढ्याची." जाताना दारात थांबून म्हणाले, "उद्या सांगितलंस तर पुढल्या गुरवारी ती नळी उघडायची न्हाई. मग कागद फाडून टाक की."

मी म्हणालो, "बन्सीभाऊ, कागद राहू द्या. साहेबांसमोरचा शुक्रवार अजून जायचा आहे."

८. अंमलबजावणी दिव्याने करावी. मॉनिटर फोडला गेल्यास त्याच्या उजव्या कडेचा तीन रेघांचा तुकडा मिळतो का ते मी स्वतः पाहीन. ते काम मी कोणावर सोपवत नाही.

दुरुस्ती: कलम ७ मधील "माझ्या मृत्यूनंतर" हे शब्द मी खोडले आहेत. त्या जागी "उद्या, शुक्रवारी, पहिल्या शिफ्टला, मी स्वतः" असे वाचावे. पाकीट उघडून पत्र खिशात ठेवले आहे. या दुरुस्तीखाली दोन्ही साक्षीदारांसमोर वेगळी सही केली आहे.

सही: धनेश ज्योतीराम काळदाते

वरील सह्या धनेश यांनी आमच्या देखत केल्या आणि आम्ही त्यांच्या देखत केल्या. या कागदाने आम्हा दोघांना काहीही मिळत नाही.

साक्षीदार पहिले: बन्सी तुकाराम खराबी, राहणार खराबवाडी, चाकण (दुरुस्तीसाठी जिन्यातून परत बोलावले)
साक्षीदार दुसऱ्या: अंबुबाई शिवाजी मुंढे, शेजारी, घरकुल, चिखली (मजकूर वाचलेला नाही)

स्थळ: चिखली
दिनांक: ६ नोव्हेंबर २०२५, गुरुवार, दुपारी सव्वाचार