फोडलेल्या बिया

९ ऑक्टोबर

शी! नखांतला वास जात नाही. साबण झाला, राख झाली, लिंबू झालं. विट्याजवळच्या सीताफळाच्या कारखान्यात लागून तिसरा दिवस. थंडगार खोलीत बसून पांढरा गर काढायचा असं ऐकून आलो होतो. इथं सालीवर पिठ्या ढेकूण, खाली मुंग्या, आणि दाराच्या कडीपासून चहाच्या कपापर्यंत सगळं चिकट. गर पातेल्यात, बिया घमेल्यात. दिवसभर तेच. त्यापेक्षा लोणंदचा कांदा बरा होता. तिथंही अकरा दिवसच टिकलो म्हणा.

शेजारी भामाबाई बसते. साठीची, आटपाडीकडची, घरी मेंढरं. तिचा डावा डोळा पांढराफटक आहे. तो दिसला की माझा घास अडतो, म्हणून मी तिच्या उजवीकडं बसतो.

१० ऑक्टोबर

गर चाखताना एक बी गिळली!

फोनवर बघितलं तर सफरचंदाच्या बीत विष, पीचच्या बाठीत विष, सीताफळाच्या बीत तर वेगळंच काहीतरी. पोट दाबून दाबून बघितलं. भामाबाईला सांगितलं तर सगळ्या बायका चमचे टाकून हसल्या. म्हणते, "चावली न्हाईस नव्हं? मग उद्या सकाळी तुझी तुला दिसंल." किळसवाणी बाई.

शेवटी जयराजला विचारलं. आमचा सुपरवायझर, शेतकीचा डिप्लोमा झालेला. तो म्हणाला, गर खुशाल खा. बीचं कवच घट्ट असतं, अख्खी गेली की अख्खी बाहेर येते. सफरचंदाचंही तसंच. फोडली, कुटली, तर मात्र आतलं विष बाहेर पडतं. पुढं तो डोळ्यांचं काहीतरी सांगत होता, पण तेवढ्यात दारात ट्रक लागला. त्याच्या मागं काढलेला वाघ इतका बेकार, की मी बघायलाच गेलो. वाघाला मिशी होती, माणसासारखी!

११ ऑक्टोबर

जिवंत आहे. बी दिसली नाही. शोधलीही नाही.

१४ ऑक्टोबर

उत्कर्षाचा फोन. माझी धाकटी बहीण, कराडला अकादमीत राहून पोलीस भरतीची तयारी करते. एकवीस तारखेला तिचं ग्राउंड. दोन वर्षं पहाटे उठून पळतेय, आणि आता डोक्यात उवा! एका हॉलमध्ये तीस पोरी, चारपाच कंगवे. ऐकूनच माझं डोकं खाजायला लागलं. रात्रभर झोप नाही म्हणते. दुकानातलं औषध लावून झालं, फरक नाही. केस कापणार नाही म्हणजे नाही.

भामाबाईला सांगितलं तर तिनं घमेल्याकडं बोट केलं. "ह्याच बिया वाळव, कुट, खोबरेलात कालव आन् डोक्याला बांध. मेंढरांच्या गोचड्या मरत्यात, तिथं उवांचं काय! आमच्या वस्तीवरच्या पोरींना मीच लावती."

१६ ऑक्टोबर

बिया पत्र्यावर वाळवल्या, खलबत्त्यात कुटल्या. पिठासारख्या बारीक. एवढं मन लावून मी आयुष्यात काही केलं नसेल.

१७ ऑक्टोबर

एसटीनं कराडला. उत्कर्षाला डबा दिला. वास घेऊन तिनं नाक मुरडलं. "दादा, काय होणार न्हाई ना?" मी म्हणालो, फळाचं बी आहे, औषधासारखं केमिकल नाही, त्याला काय होतंय! येताना संगमावर दोन तास उगाचच बसलो. मस्त वाटत होतं.

१८ ऑक्टोबर

सकाळी तिनं डोकं धुतलं. पाणी दोन्ही डोळ्यांत गेलं. दहापर्यंत डोळे उघडेनात, नुसती किंचाळत होती म्हणे. मी पोचलो तेव्हा दवाखान्यात होती. पापण्या सुजून लाल, पाण्याची धार.

डॉक्टरांनी विचारलं, काय लावलं होतं? सांगितलं. "बिया कुणी कुटल्या?" मी म्हणालो, मी. त्यांनी पुन्हा तिच्या डोळ्यांत टॉर्च मारून बघितलं. मग म्हणाले, बुबुळाची वरची साल गेलीय. चार-पाच दिवसांत भरेल. वेळेत आणली म्हणून बरं. घरीच चोळत बसली असती, जखम चिघळली असती, तर पांढरा डाग पडला असता, कायमचा.

फोडली, कुटली तर. जयराज सांगतच होता. मी वाघ बघत होतो.

मी अख्खी बी गिळली आणि चार दिवस स्वतःचं पोट चाचपत बसलो. तिला मात्र पीठ करून दिलं. माझ्या हातांचीच मला किळस येते.

२१ ऑक्टोबर

पहाटे पाच वाजता अकादमीची गाडी पोरींना घेऊन ग्राउंडला गेली. उत्कर्षा दवाखान्यात, पडदे ओढलेले, डोळ्यांवर पट्टी. गाडीचा आवाज इथवर येणं शक्य नाही, तरी ती कान देऊन होती.

मला शिवी नाही, काही नाही. दुपारी एवढंच म्हणाली, "उवा मेल्या का बघ."

बघितलं. सगळ्या मेल्या होत्या.

२४ ऑक्टोबर

पट्टी निघाली. दिसतंय तिला. डाग नाही.

मी विट्याला गेलो, भामाबाईशी भांडायला. ह्या वेळी मुद्दाम तिच्या डावीकडं बसलो आणि सगळं सांगितलं. डॉक्टर डागाचं काय म्हणाले तेही. तिचा चमचा थांबला.

"मी नऊ वर्साची हुते. माझ्या आयनं असंच लावलं हुतं. डोळं आलं म्हनले समदे."

मग ती वस्तीवरच्या पोरींची नावं घेत एकेक बोट दुमडायला लागली. दोन्ही हात संपले. ती पुन्हा अंगठ्यावर आली.