मितेश पाटील तीन, त्यातला पहिला मी

३ नोव्हेंबर
आणि वर मलाच विचारतो, तू कोणता मितेश पाटील. गोडाऊनच्या गेटवर रोज तेच. शादाबभाई सुपरवायझर हजेरीला माझं नाव वाचतो आणि थांबतो. गानेवाला के कबड्डीवाला? मी म्हटलं, पार्सलवाला. सगळे अजूनच दात काढायला लागले. किळस आली.

एक मितेश पाटील इथल्याच कोन गावचा. हळदीची गाणी म्हणतो. गाणं सुरू व्हायच्या आधी स्वतःचंच नाव दोनदा ओरडतो. दुसरा कशेळीचा, कबड्डीत रेड मारतो. दोघं माझ्यापेक्षा लहान. म्हणजे नाव आधी माझं. सातवीत शाळा सोडली तरी एवढं मला कळतं.

५ नोव्हेंबर
अमळनेरहून आईचा फोन. मागे गावात एका लग्नात त्या कोनवाल्याचं गाणं लागलं, तेव्हा तिने विचारलं होतं, तुझंच का रे? मी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही. ते खोटं होत नाही. नंतर पोरांनी तिला कबड्डीचा फोटो दाखवला, पाठमोरा, टी-शर्टवर मितेश. तेव्हा नेटवर्क गेलं होतं.

आता बहिणीच्या, दिपालीच्या होणाऱ्या सासरी हेच माहीत झालंय. २९ला हळद. नवरीचा भाऊ गाणार, असं तिचे सासरे गावभर सांगत फिरतायत. आई म्हणाली, एक तरी म्हण बाबा, पोरीची लाज राख.

ठरलं. गाणार. उद्यापासून पहाटे पाचला रियाज.

६ नोव्हेंबर, सकाळी ९
पाचला जाग आली होती.

८ नोव्हेंबर
रियाज केला. बाथरूममध्ये. खोलीतला हमजा बाहेरून दार ठोकायला लागला, भाई, गिर गए क्या? कलेतलं शून्य कळतं या लोकांना. माझा गळा चांगला आहे, खोक्यांच्या धुळीने बसलाय एवढंच.

९ नोव्हेंबर
प्लॅन बदलला. गाणं फालतू, खेळाडूला जास्त मान. कबड्डीवाल्याचा टी-शर्ट एक दिवस मागायचा आणि हळदीत घालायचा. कशेळीला मॅचला गेलो. माईकवर पुकारलं, मितेश पाटील. मी सवयीने उभा राहिलो. मागून एक म्हातारी म्हणाली, बस ना रं बाला, माझा नातू हाय त्यो, दिसत न्हाय.

मॅच संपल्यावर त्याला माझं नाव सांगितलं. तो म्हणाला, भारी, सेल्फी काढू. घामाने निथळत होता, खांद्यावर हात टाकला. टी-शर्ट अंगाला चिकटलेला. बघूनच मागायची इच्छा गेली. दोनदा साबण लावला, वास जात नाही.

१६ नोव्हेंबर
कोनला गेलो, गाणाऱ्याच्या घरी. तोंडावर सांगणार होतो, एक तर नाव बदल, नाही तर माझ्या बहिणीच्या हळदीला चल. आधीच चार माणसं बसलेली, तारखा मागायला. मी म्हटलं, मी मितेश पाटील. तो म्हणाला, मग मी कोण दादा? चारही माणसं हसली.

नंतर नीट बोलला. बँडसकट साठ हजार, गाडी वेगळी. तुम्ही आपल्या नावाचे म्हणून पंचावन्न करू. म्हणजे माझ्या नावाची किंमत पाच हजार. विचार करून कळवतो म्हटलं. त्याच्या आईने चहा दिला. नुसती साखर.

२१ नोव्हेंबर
आता एकच रस्ता, सुट्टी मिळायला नको. चार दिवस मागितली. शादाबभाईने तोंड वर करून बघितलं आणि म्हणाला, बहन की हल्दी है, जा. आज मस्करी पण नाही केली. ऐनवेळी चांगुलपणा करतात, हे मला आवडत नाही.

२४ नोव्हेंबर
दिपालीचा फोन. म्हणाली, भाऊ, तो आवाज तुझा नाही हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. आईला पण. गुरुजी प्रार्थनेला तुला नुसते ओठ हलवायला सांगायचे, विसरलास का?

मी म्हटलं, मग पाहुण्यांना सांगितलं कशाला? ती म्हणाली, आम्ही नाही सांगितलं. त्यांनीच नाव ऐकून विचारलं, गाणारा तो हाच का? आई गप्प बसली. तुझ्यासारखी.

मग म्हणाली, तू आलास तर माईक हातात देतील. लग्नाला पण सोडणार नाहीत. सासऱ्यांचं तोंड पडेल, मला तिथेच राहायचंय. नाही आलास तर सांगू, मुंबईत मोठा कार्यक्रम आहे.

मी म्हटलं, आहेच. मीच सांगणार होतो.

२९ नोव्हेंबर, संध्याकाळी ७
ड्युटीवर. शादाबभाई म्हणाला, गया नहीं? मी म्हटलं, प्रोग्रॅम आहे. आज त्याने विचारलं नाही कुठला.

आत्ता आईचा फोन आला होता. पाहुण्यांना तुझंच गाणं पाहिजे म्हणतात, डीजेवाला मोठे स्पीकर लावतोय, त्याचे पैसे वेगळे पडतील. ‘तुझंच गाणं’ म्हणाली, म्हणजे शेजारी पाहुण्यांतलं कोणी तरी उभं असणार. मागे ते सुरू झालं. आधी माझं नाव दोनदा, मग शिट्ट्या. दिपालीचं हसणं पण ऐकू आलं.

गाणं बरं म्हणतो भिकारडा.

डीजेचे साडेसात हजार पाठवले.