सहा तासांची वजाबाकी

३ नोव्हेंबर २०२४

दादा,

नमस्कार लिहायची पद्धत आहे, तो लिहिला असं समज. मी ठीक आहे. वहिनीचा गुडघा कसा आहे? हे मात्र मनापासून विचारतेय, तिच्याशी माझं भांडण नाही.

आता मुद्द्याचं. आईच्या शुश्रूषागृहाच्या दारावरच्या यंत्रातल्या ये-जा नोंदींची यादी करून तू सगळ्या नातलगांना पाठवलीस, ती अजून माझ्या फोनमध्ये आहे. माझ्या नावापुढे ११ मार्च नाहीच, एकदम १२. आई गेली १२ ला सकाळी साडेनऊला. खाली तुझी टीप, 'धाकटीला वेळ मिळाला एकदाचा!' मी आई गेल्यावरच उगवले असं सगळ्यांनी धरलं, आणि तेव्हापासून मावशी माझा फोन उचलत नाही. आई गेल्यावर मला तीच उरली होती, आणि तीही तू तोडलीस.

मी घसा फोडून सांगत होते की मी ११ ला संध्याकाळी येऊन गेले. तू म्हणालास, "यंत्र खोटं बोलत नाही."

गेल्या आठवड्यात तिथल्या नर्सबाईंकडून मूळ नोंदी मागून आणल्या. ते यंत्र तारीख लिहीतच नाही. १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले, तेवढा आकडा लिहितं. माझा आकडा १७१०२०५८००. गोदामातल्या मालाचे असले आकडे मी रोज शेकड्यांनी तारखांत बदलते, माझं पोटच त्यावर आहे. त्यातून निघते ती जागतिक वेळ. मायदेशातलं घड्याळ तिच्या पुढे असतं, पण आपलं इथलं, परदेशातलं, तिच्या सहा तास मागे. ते सहा तास वजा करायचे असतात, हे आमच्याकडे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी शिकवतात. तू ते केलं नाहीस. वर वेळेचा रकाना उडवून नुसती तारीख ठेवलीस. मी आत गेले ११ ला संध्याकाळी सात दहाला. तुझ्या यादीत ती झाली १२ तारीख. एवढा मोठा संगणकवाला तू, पंचवीस वर्षं लोकांच्या चुका काढतोयस!

माझ्या आकड्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. तुझ्याही आकड्यांतून सहा तास वजा केले. तू आलास ११ लाच, सात चाळीसला, आणि गेलास सात बावन्नला. बारा मिनिटं. १२ ला तुझी पहिली नोंद सकाळी अकराची, आई गेल्यावर दीड तासाने. मग "आईने माझ्या हातात हात ठेवून प्राण सोडला," हे मावशीला कुठल्या तोंडाने सांगितलंस? आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून.

नर्सबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "औषध घेऊन गेले, तेव्हा सगळं संपलं होतं. खोलीत कुणी नव्हतं हो."

माझंही ऐक. त्या संध्याकाळी खिडकीतून तुझी गाडी दिसली आणि मी उठले. आई म्हणाली, "थांब ना गं, दोघं एकदा माझ्याजवळ बसा." मी म्हटलं, "उद्या येते." तू वर जाईपर्यंत जिन्याच्या वळणाआड उभी राहिले. तुझं तोंड बघायचं नव्हतं, एवढंच कारण. आईला मी नाही म्हटलं.

दुरुस्त यादी मावशीला पाठवायला बसले होते. माझ्यावरचा डाग गेला असता. पण तिची बहीण एकटी गेली, हेही तिला कळलं असतं. ती सगळ्यांना सांगते, "निदान मुलगा तरी जवळ होता." तेवढ्यावर तिने दिवस काढलेत. म्हणून पाठवत नाही. तुझ्यासाठी नाही, हे दोनदा वाच.

ती तुला पुन्हा विचारेल, शेवटी आई काय म्हणाली. काहीतरी चांगलं सांग. तिच्या डोळ्यांत बघून सांग, आणि ती विचारेल तितक्या वेळा सांग. तेवढं तुला करावंच लागेल.

मला उत्तर लिहू नकोस.

थांबली नाही ती,
आईची धाकटी